पत्ता बरोबर, पण माल पोचतो किती?

कापडाच्या धंद्यात गठ्ठ्यावर मुक्कामाचे नाव ठळक आहे, एवढ्यावरून माल पोचला असे आम्ही धरीत नाही. पोच हाती आली म्हणजेच वहीत नोंद होते. कर्करोगाच्या नव्या औषधांकडेही आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांनी याच नजरेने पाहावे.

कर्करोगाची नेहमीची औषधे रक्तातून शरीरभर फिरतात आणि रोगट पेशींबरोबर चांगल्या पेशींनाही इजा करतात. डॉक्सोरुबिसिनने तर हृदय कमजोर होऊ शकते. म्हणून हे औषध चरबीच्या अतिसूक्ष्म कुपीत भरण्याची युक्ती निघाली. कुपी सुमारे १०० नॅनोमीटरची, म्हणजे केसाच्या जाडीच्या साधारण हजाराव्या हिश्शाएवढी. या रीतीचे 'डॉक्सिल' अमेरिकेत १९९५ साली मंजूर झाले. त्याने हृदयाचा धोका कमी झाला.

पुढची पायरी म्हणजे कुपीवर प्रतिपिंडे बसविणे. प्रतिपिंड हे शरीराच्या संरक्षणाचे प्रथिन. ते ठरलेल्या खुणेलाच चिकटते. स्तनाच्या काही कर्करोगांत पेशींवर 'हर-२' ही खूण फार दाट असते. ती ओळखणारी कुपी अमेरिकेतील मेरिमॅक कंपनीने बनविली. पण चालू इलाजापेक्षा जास्त फायदा दिसेना, म्हणून २०१६ साली रुग्णांवरील चाचणी थांबली.

अडचण रस्त्यात आहे. त्याच वर्षी टोरोंटोच्या संशोधकांनी दहा वर्षांच्या प्रयोगांचा ताळेबंद मांडला. टोचलेल्या सूक्ष्म कणांपैकी गाठीत पोचत होते साधारण ०.७ टक्के, म्हणजे हजारात सात! बाकीच्यांतले बरेच यकृत व प्लीहा वाटेतच अडवितात. खूण ओळखणे हे शेवटच्या दारावरचे काम. त्याने रस्ता मोकळा होत नाही.

दुसऱ्या वाटेला मात्र यश आले. कुपी सोडून औषध थेट प्रतिपिंडालाच जोडले गेले. असे 'कॅडसायला' अमेरिकेत २०१३ साली मंजूर झाले. अहमदाबादच्या झायडस कंपनीने त्याच धर्तीचे औषध २०२१ साली पुष्कळ कमी किमतीत बाजारात आणले.

घरात हा आजार निघाला की माणूस दुकान गहाण टाकायलाही तयार होतो. 'नॅनो' या नावावर पैसे मोजण्याआधी डॉक्टरांना तीन गोष्टी जरूर विचाराव्यात. गाठीची खूण तपासली काय? औषध मंजूर आहे की चाचणीतले? भारतीय पर्याय आहे काय? खरेदीत आपण इतकी चौकशी रोज करतो; इलाजात ती टाळू नये.