दोन शून्यं आणि दोन क्लाउनफिश

माझ्या वहीत दोन नोंदी आहेत. पहिली : दिवस ७, अमोनिया ०. दुसरी : दिवस ६१, अमोनिया ०. किट तेच, रंग तोच, आकडाही तोच. पहिल्या शून्यावर विश्वास ठेवून मी टँकमध्ये दोन क्लाउनफिश सोडले आणि पाच दिवसांत दोन्ही गेले. दुसऱ्या शून्यानंतर सोडलेली जोडी आज दीड वर्षानंतरही खायला मागत काचेशी येते.

घरी खाऱ्या पाण्याचा टँक कसा लावायचा, ते आज सांगतेच. पण खरं सांगायचंय ते या दोन शून्यांमधला फरक. तुम्ही संशोधनाच्या वाटेवर असाल, तर मासे पाळा न पाळा, हा फरक तुम्हाला लागणारच आहे.

आधी सामान

माझा टँक १०० लिटरचा. सुरुवातीला लहान टँक सोपा वाटतो, पण उलट आहे : पाणी जितकं कमी, तितकी प्रत्येक चूक लवकर अंगाशी येते. नळाचं पाणी नको, आरओचं घ्या. मीठही स्वयंपाकघरातलं नको. समुद्राच्या पाण्यात नुसतं सोडियम क्लोराइड नसतं; लिटरमागे साधारण १,३०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम आणि ४०० मिलिग्रॅम कॅल्शियमसुद्धा असतं. त्यासाठी मरीन सॉल्ट मिक्स मिळतं. ते बादलीत, पंप चालू ठेवून, एक दिवस आधी कालवायचं. लिटरमागे ३५ ग्रॅम क्षार, तापमान २५-२६ अंश आणि पीएच ८.१ ते ८.४ हे लक्ष्य धरा. शिवाय पाणी फिरवायला एक पॉवरहेड, तळाला ॲरागोनाइटची वाळू आणि सच्छिद्र कोरडे दगड.

दगडांबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगते. कुणी ‘समुद्रातून काढलेला लाइव्ह रॉक’ किंवा खरी पोवळी देऊ केली, तर हात लावू नका. आपल्याकडे कठीण पोवळी आणि समुद्रघोडे वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत, आणि तो ‘रॉक’ म्हणजे बहुतेकदा मेलेली पोवळीच असतात. कोरड्या दगडावर काम उत्तम होतं. फक्त वेळ लागतो.

टँकमध्ये पाळायचं काय?

उत्तर मासे नाही, सूक्ष्मजीव. मासा प्रथिनं खातो आणि कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो. दगडा-वाळूवरचे काही सूक्ष्मजीव त्या अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि नायट्रेट आपण पाणी बदलून काढून टाकतो. ही साखळी बसायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. यालाच टँक ‘सायकल’ होणं म्हणतात.

समुद्राच्या पाण्यात हे जास्त महत्त्वाचं का, तेही बघा. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो : अमोनियम आणि मुक्त अमोनिया. माशाला खरं विष आहे ते मुक्त अमोनियाचं. पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का मुक्त असतो, पीएच ८.२ ला तो ५ ते ८ टक्क्यांवर जातो. म्हणजे किटवर आकडा तोच, पण विष दहापट.

माझं पहिलं शून्य

टँक भरला, दगड मांडले, दुकानदारानं दिलेली बॅक्टेरियाची बाटली ओतली. ‘आठवड्यानं मासे टाका,’ तो म्हणाला. मी तर शहाणी, मायक्रोबायोलॉजीची विद्यार्थिनी, म्हणून रोज टेस्टसुद्धा केली. तिसऱ्या दिवशी ०, पाचव्या दिवशी ०, सातव्या दिवशी ०. सलग तीन शून्यं! आठव्या दिवशी मासे आणले.

अकराव्या दिवशी सकाळी दोघंही पृष्ठभागाशी धापा टाकत होते. किटचा पिवळा रंग हिरवा झाला होता, १ पीपीएम. अर्धं पाणी बदललं, संध्याकाळी पुन्हा बदललं. बाराव्या दिवशी एक गेला, तेराव्या दिवशी दुसरा.

पुढच्या आठवड्यात लॅबमध्ये चहा पिताना मी ही कहाणी सांगितली. बाटलीला, दुकानदाराला नावं ठेवून झाली. मॅडमनी वहीतले आकडे बघितले आणि एवढंच विचारलं, “त्या सात दिवसांत टँकमध्ये अमोनिया येणार कुठून होता?”

मी गप्प. मासा नव्हता, खाद्य नव्हतं, कुजायला काही नव्हतं. माझं शून्य म्हणजे ‘सूक्ष्मजीवांनी अमोनिया संपवला’ नव्हे, तर ‘अमोनिया नव्हताच’. आकडा एकच, कारणं दोन. आणि मी मला हवं होतं ते कारण उचललं.

दुसरं शून्य कसं कमावलं

यावेळी मासे सोडायच्या आधी टँकची परीक्षा घेतली. तुम्हीही अशीच घ्या.

पहिली पायरी, किटची परीक्षा. ०.३१५ ग्रॅम अमोनियम क्लोराइड एक लिटर पाण्यात विरघळवलं की १०० पीपीएम अमोनियाचं द्रावण होतं. त्यातलं १० मिलिलिटर घेऊन नव्या खाऱ्या पाण्यानं एक लिटर करा : झालं १ पीपीएम. किटनं हे १ दाखवलं पाहिजे. (काही किट आकडा अमोनियाचा नाही, त्यातल्या नायट्रोजनचा देतात, मग तेच द्रावण ०.८ दिसेल. पत्रक वाचा.) हा तुमचा पॉझिटिव्ह कंट्रोल. अमोनिया न घातलेलं तेच खारं पाणी तपासा, तिथे ० आलं पाहिजे. हा निगेटिव्ह कंट्रोल. दोन्ही जमले, तरच किटचं शून्य म्हणजे खरोखर शून्य.

दुसरी पायरी, टँकची परीक्षा. १०० लिटरमध्ये ०.६३ ग्रॅम अमोनियम क्लोराइड घातलं की २ पीपीएम अमोनिया होतो. घातल्यावर तासाभरानं मोजा. २ दिसलं पाहिजे. चोवीस तासांनी पुन्हा मोजा. माझ्याकडे पहिले दोन आठवडे आकडा जवळपास हललाच नाही. मग अमोनिया उतरू लागला आणि नायट्राइट चढू लागलं. पुढे तेही उतरलं आणि नायट्रेट साठत गेलं. इथे एक सापळा आहे : बहुतेक नायट्रेट किट आधी नायट्रेटचं नायट्राइट करून मग रंग मोजतात, त्यामुळे पाण्यात नायट्राइट असेपर्यंत नायट्रेटचा आकडा फुगलेला येतो. नायट्राइट संपेपर्यंत त्यावर फार विसंबू नका.

साठाव्या दिवशी २ पीपीएम घातला. एकसष्टाव्या दिवशी अमोनिया ०, नायट्राइट ०. हे शून्य वेगळं होतं, कारण आदल्या दिवशी तिथे दोन होते.

हेच कोडं मोठ्या माणसांनाही

टँकमध्ये अमोनिया संपवतं कोण? विनोग्रॅडस्की यांनी १८९० च्या सुमारास हे सूक्ष्मजीव वेगळे केले, तेव्हापासून पुस्तकं सांगत आली की अमोनियावर जगणारे हे जीव म्हणजे बॅक्टेरिया. १९९२ पासून समुद्राच्या पाण्यात आर्किया या वेगळ्याच गटाचा डीएनए भरपूर सापडत होता, पण ते जीव तिथे करतात काय, हे ठाऊक नव्हतं; प्रयोगशाळेत ते वाढवता आले नव्हते. २००५ साली मार्टिन क्योनेके, डेव्हिड स्टाल आणि सहकाऱ्यांनी त्यातला एक वाढवून दाखवला : नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस, अमोनियाचं नायट्राइट करणारा आर्किया. तो मिळाला कुठे? सिएटल ॲक्वेरियमच्या उष्णकटिबंधीय खाऱ्या टँकमधल्या खडीत!

त्यांनी नुसतं ‘अमोनिया कमी झाला’ म्हणून थांबवलं नाही. जितका अमोनिया घटला, जवळपास तितकंच नायट्राइट तयार झालं, आणि त्याच वेळी पेशींची संख्या वाढली, असं दाखवलं. एक गोष्ट नाहीशी झाली म्हणून भागत नाही, ती गेली कुठे हेही दाखवावं लागतं.

रोजची देखभाल, त्याच नजरेनं

पाणी उडतं, मीठ उडत नाही. उन्हाळ्यात थंडाव्यासाठी पंखा लावला की माझ्याकडे दिवसाला दोन लिटर उडतं. पाच दिवस दुर्लक्ष केलं तर १०० लिटरचे ९० होतात आणि ३५ चे जवळपास ३९. म्हणून उडालेल्या पाण्याच्या जागी साधं आरओचं पाणीच घालायचं, खारं नाही. आठवड्याला दहा-पंधरा टक्के पाणी बदलायचं, तिथे मात्र तितकंच खारं पाणी. रिफ्रॅक्टोमीटर महिन्यातून एकदा ३५ च्या प्रमाणित द्रावणानं तपासा. रोज एकसारखा आकडा येतो म्हणजे बरोबर येतो असं नाही. रोज तेवढाच चुकत असेल. आणि काही बिघडलं, तर एका वेळी एकच गोष्ट बदला, तारीख घालून लिहा. नाहीतर सुधारलं तरी कशानं सुधारलं ते कळणार नाही.

आता एक कबुली. मासे मेल्यानंतर दोनच महिन्यांनी लॅबमध्ये माझ्या पीसीआरला सलग बँड येत नव्हता, आणि मी ‘हा जीन या नमुन्यांत नाही’ असं लिहायला बसले होते. लिहिता लिहिता ते सातव्या दिवसाचं शून्य आठवलं. ज्यात तो जीन नक्की आहे असा नमुना लावून बघितला, त्यालाही बँड आला नाही. जीन नव्हता असं नाही. माझा प्राइमर खराब झाला होता.

तेव्हा तुमच्या वहीत शून्य येईल, ‘आढळलं नाही’ असं येईल, तेव्हा खूश व्हायच्या आधी एक प्रश्न विचारा : इथे असतं, तर मला दिसलं असतं का? उत्तर ‘हो’ असेल आणि ते करून बघितलं असेल, तरच मासे सोडा.