दूरचित्रवाणी ग्राही, अंकीय : संकेत-गुणवत्तेचे मापन

अंकीय दूरचित्रवाणी ग्राहीपर्यंत पोहोचलेला संकेत किती प्रबळ व किती निर्दोष आहे, हे ग्राहीतील मंडलांकडून जाणून घेऊन ठराविक एककांत मांडण्याची पद्धती. सदृश प्रक्षेपणात संकेत क्षीण झाला की पडद्यावर मुंग्या येत व छपरावरील आकाशक फिरविणाऱ्यास नुसत्या डोळ्यांनी अंदाज बांधता येई. अंकीय प्रक्षेपणात ही सोय नाही. दोषदुरुस्तीच्या संकेतनामुळे एका मर्यादेपर्यंत चित्र अगदी स्वच्छ राहते. ती ओलांडताच चित्राचे चौकोनी तुकडे पडून ते थांबते. आपण त्या कड्याच्या किती जवळ आहोत, हे फक्त मापनानेच कळते.

दूरदर्शनने फेब्रुवारी 2016 मध्ये देशातील 16 शहरांत डीव्हीबी-टी2 पद्धतीची भूपृष्ठीय सेवा सुरू केली. त्यांत मुंबईबरोबर औरंगाबाद (2023 पासून छत्रपती संभाजीनगर) हेही होते. संच, तसेच छोटा डाँगल जोडलेला भ्रमणध्वनी यांवर हे कार्यक्रम पाहता येतील, अशी ही योजना होती. अशा ग्राहींच्या बाबतीत पडद्यावरील ‘संकेत 70 टक्के’ या आकड्यास कितपत अर्थ असतो, हा प्रश्न व्यवहाराचा ठरतो.

मोजावयाच्या राशी मुख्यत्वे तीन आहेत : संकेताची शक्ती, वाहक तरंग व गोंगाट यांचे गुणोत्तर आणि बिट-दोषांचे प्रमाण. शक्ती एक मिलिवॉटच्या संदर्भात डेसिबेलमध्ये देतात व ती बहुधा ऋण असते. 8 मेगाहर्ट्‌झ रुंदीच्या वाहिनीत सामान्य तापमानास केवळ औष्णिक गोंगाटच सुमारे −105 डेसिबेल (मिलिवॉट-संदर्भात) असतो. यावरून शक्तीपेक्षा गुणोत्तर महत्त्वाचे का, हे ध्यानात येईल. लांब तारेच्या संचाकडील टोकास विवर्धक बसविला, तर संकेताबरोबर गोंगाटही वाढतो. शक्तीचा आकडा फुगतो, पण चित्र सुधारतेच असे नाही आणि ग्राहकाचा खर्च वाया जातो. तोच विवर्धक आकाशकाजवळ बसविल्यास तारेतील क्षयाची भरपाई होते.

ग्राहीतील चिपकडून हे आकडे संगणकीय प्रणालीस पुरविण्याचे काम ड्रायव्हर या नावाने ओळखली जाणारी चालक आज्ञावली करते. लिनक्स प्रणालीच्या जुन्या व्यवस्थेत शक्ती व गुणोत्तर यांसाठी 16 बिटांची एकेक संख्या होती, पण तिची मापश्रेणी सांगितली जात नसे. परिणामी एखादा चालक डेसिबेलचे दशांश देई, दुसरा 0 ते 65535 या श्रेणीतील सापेक्ष मान देई, तर तिसरा चिपमधील नोंद जशीच्या तशी पुढे करी. 200 हा आकडा पहिल्या रीतीने 20 डेसिबेल, म्हणजे गोंगाटाच्या शंभरपट वाहक शक्ती दर्शवितो. दुसऱ्या रीतीने तो जेमतेम 0.3 टक्के होतो. दोन ग्राहींची तुलना त्यामुळे अशक्यच होती.

या व्यवस्थेच्या 5.10 आवृत्तीत प्रत्येक मापनासोबत त्याची मापश्रेणीही सांगणे आले. मान डेसिबेलच्या सहस्रांशात आहे, सापेक्ष आहे, मोजणीचा आहे की उपलब्धच नाही, हे चालकाने नमूद करावयाचे असते. शेवटचा पर्याय क्षुल्लक वाटला, तरी तो फार मोलाचा आहे. माप हाती नसताना शून्य कळविणे ही निव्वळ दिशाभूल होय. दोषांच्या बाबतीत तयार प्रमाण न देता सदोष बिटांची संख्या व एकूण बिटांची संख्या अशा दोन वाढत्या मोजण्या दिल्या जातात. त्यामुळे हव्या त्या कालावधीचे प्रमाण काढता येते. आतील दोषदुरुस्तीपूर्वीच्या व नंतरच्या मोजण्या वेगळ्या ठेवलेल्या असतात. पूर्वीचे दोष वाढत असूनही नंतरचे शून्याजवळ असतील, तर चित्र अद्याप स्वच्छ दिसेल. परंतु कडा जवळ आला आहे असे समजावे. जपानी आयएसडीबी-टी पद्धतीत एकाच वाहिनीत तीन स्तर असल्याने एका राशीची चार मानेही देता येतात : एक समग्र व तीन स्तरांची.

प्रमाणीकरणाने एकक निश्चित होते, अचूकता नव्हे. शक्तीचा अंदाज पुष्कळदा स्वयंचलित लाभ-नियंत्रणाच्या स्थितीवरून काढलेला असतो आणि अंशांकन केलेले नसल्यास त्यात काही डेसिबेलची चूक सहज राहते. अशा चिपच्या चालकाने डेसिबेलचा दावा न करता सापेक्ष श्रेणीच कळविणे इष्ट. प्रयोगशाळेतील मापनासाठी युरोपीय दूरसंचार मानक संस्थेची टीआर 101 290 ही मार्गदर्शिका वापरतात. घरगुती ग्राहीतील आकडे आकाशकाची दिशा ठरविण्यास पुरेसे असतात.