नळ तुंबत नाही, भिंत सुजते

नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुणे रस्ता एकत्र येतात. तिथल्या कोंडीतला धूर खोकल्याला कारण होतो, हे सगळे मानतात. हृदयाशी त्याचा संबंध फार कमी जण जोडतात. वास्तविक पीएम २.५ हे सूक्ष्म कण फुप्फुसात दाह निर्माण करतात आणि त्याचे परिणाम रक्तावाटे हृदयवाहिन्यांपर्यंत पोहोचतात. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत नाशिक आहे, आणि या कणांची भारतातली वार्षिक मर्यादा दर घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटना ५ सांगते. तरीही हा संबंध पटत नाही, कारण रक्तवाहिनी म्हणजे चरबीच्या गाळाने तुंबणारा नळ, हे चित्र मनात पक्के बसले आहे. चरबी साचते ती पोकळीत नव्हे, भिंतीच्या आत. तिच्यामागे मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी तिथे शिरतात, चरबी गिळून फुगतात, मरतात आणि मरताना आणखी पेशींना बोलावतात. हा दाह चरबीवरचे आवरण पातळ करत जातो. ते फाटले की प्लेटलेट्स जमून गुठळी होते आणि वाहिनी बंद पडते. म्हणूनच निम्म्याहून कमी अरुंद झालेल्या जागीही हृदयविकाराचा झटका येतो.

दाह हा रोगाचा परिणाम असेल, कारण कशावरून, ही शंका रास्त आहे. २०१७च्या ‘कँटोस’ चाचणीत आधी झटका येऊन गेलेले १०,०६१ रुग्ण होते. कॅनाकिनुमॅब या दाहरोधक औषधाने त्यांचे कोलेस्टेरॉल घटले नाही, फक्त दाह घटला. तरी १५० मिलिग्रॅमच्या मात्रेवर पुन्हा झटका, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण सुमारे १५ टक्क्यांनी कमी झाले. मात्र जीवघेणे जंतुसंसर्ग वाढले आणि एकूण मृत्यू घटले नाहीत. २०१९मध्ये मेथोट्रेक्सेट हे दुसरे दाहरोधक औषध तर साफ निष्प्रभ ठरले. म्हणजे कोणताही दाह कसाही दाबून भागत नाही. यावरून कोलेस्टेरॉल निर्दोष ठरवणे ही दुसऱ्या टोकाची चूक, कारण भिंतीत पेशींना ओढून आणते ती चरबीच. कोलेस्टेरॉल उतरवणारे स्टॅटिन बंद करायला हा आधार मुळीच नाही. त्याहून घातक समज असा, की सूज आहे तर सूज उतरवणारी गोळी घ्यावी. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी झटक्याचा धोका उलट वाढतो. दाह मोजणारी सीआरपी तपासणीही सर्दी-तापात करू नये: आकडा लिटरमागे १० मिलिग्रॅमच्या वर गेला तर आधी संसर्गाचा शोध घ्यायचा आणि तो बरा झाल्यावर पुन्हा रक्त द्यायचे.