मृत समुद्र पुरता का आटणार नाही?

इस्रायल, जॉर्डन आणि वेस्ट बँक यांच्या मधोमध पसरलेल्या मृत समुद्राची पातळी दर वर्षी मीटरभराहून अधिक खाली जात आहे. १९६० च्या सुमारास समुद्रसपाटीपासून ३९५ मीटर खाली असलेले हे पाणी आता ४३५ मीटरच्याही खाली गेले आहे. जॉर्डन नदीचे पाणी शेतीसाठी व शहरांसाठी वळविण्यात आले आणि पोटॅशच्या कारखान्यांनीही आपला वाटा उचलला. नावात समुद्र असला तरी हे सरोवरच. त्याची खोली सुमारे ३०० मीटर. साधे त्रैराशिक मांडले तर तीन शतकांत तळ दिसायला हवा. पण हे गणित चुकते, कारण त्यात मीठ धरलेले नाही.

गोड्या पाण्याच्या पृष्ठभागावरून पाण्याचे रेणू सहज निसटतात. पाण्यात क्षार विरघळले की त्यांचे आयन या रेणूंना धरून ठेवतात आणि बाष्पदाब घटतो. मृत समुद्रात क्षारांचे प्रमाण सुमारे ३४ टक्के आहे आणि त्याचा बाष्पदाब त्याच तापमानाच्या गोड्या पाण्याच्या दोनतृतीयांशच भरतो. हवेतील सापेक्ष आर्द्रता ४० टक्के असेल आणि हवा व पाणी सारखेच तापलेले असेल, तर गोड्या पाण्याला बाष्पीभवनासाठी ६० टक्क्यांची तफावत मिळते, या पाण्याला जेमतेम २६ टक्क्यांची. प्रत्यक्षात घट एवढी होत नाही. बाष्पीभवन मंदावले की पाणी थंडही कमी होते. ते तापते आणि बाष्पदाबाची थोडी भरपाई होते.

हवेतील आर्द्रता पुरेशी वाढली तर हा व्यवहार उलटतो. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटते ते याचमुळे. शुद्ध मीठ सुमारे ७५ टक्के आर्द्रतेला हवेतले पाणी ओढू लागते, तर मॅग्नेशियम क्लोराइडला ३३ टक्केही पुरतात. मृत समुद्रात साधे मीठ तळाशी बसत चालले आहे आणि मॅग्नेशियमचा वाटा वाढतो आहे. म्हणजे पाणी जितके आटेल तितके ते आटायला अधिक कठीण होईल. पातळी आणखी १०० ते १५० मीटर उतरून सुमारे ४०० वर्षांनी स्थिरावेल, असे अनुमान १९९८ मध्ये ‘जिऑलॉजी’ या नियतकालिकात मांडण्यात आले होते.

हाच नियम बचावाच्या योजनेला मात्र आडवा येतो. तांबड्या समुद्राचे पाणी आणण्याबाबत इस्रायल, जॉर्डन व पॅलेस्टिनी प्रशासन यांनी २०१३ मध्ये करार केला. ते पाणी सुमारे चार टक्के खारे. मृत समुद्राचे पाणी मात्र लिटरला १२४० ग्रॅम इतके जड. पुरेसे पाणी ओतले तर ते वरच तरंगणार आणि या कमी खाऱ्या थरातून बाष्पीभवन पुन्हा वाढणार. १९७९ पर्यंत असा थर तेथे होताच. १९९१-९२ च्या हिवाळ्यातील अतिवृष्टीनंतर तो काही वर्षांसाठी परत आला होता. त्यामुळे पातळी टिकविण्यासाठी आजच्या तुटीएवढे पाणी पुरणार नाही, त्याहून बरेच अधिक लागेल. जॉर्डनने २०२१ मध्ये ही संयुक्त योजना सोडून दिली.

दरम्यान, मागे हटलेल्या पाण्याच्या जागी किनाऱ्यावर गोडे भूजल शिरते, जमिनीखालचे मिठाचे थर विरघळतात आणि वरची जमीन खचते. अशी हजारो विवरे तेथे पडली आहेत. त्यात रस्ते, खजुराच्या बागा आणि पर्यटकांची स्नानस्थळे गेली आहेत.