संगणकावरील ग्रंथभांडार कसे पारखावे?

आता घरबसल्या पडद्यावर ग्रंथालय उघडते. परंतु तेथे दिसेल ते सर्वच प्रमाण मानू नये. वाचकाने तीन प्रश्न विचारावेत : संपादक कोण? लेखनकाल कोणता? आधार दिला आहे काय?

डॉ. केतकरांचा ज्ञानकोश व शासनाचा मराठी विश्वकोश हे दोन्ही आज पडद्यावर वाचावयास मिळतात. पैकी ज्ञानकोश १९२० नंतरच्या दशकातला. त्या काळी आपला यवतमाळ जिल्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात मोडत असे. महाराष्ट्र राज्य तर १९६० साली झाले. तेव्हा ज्ञानकोशातील लोकसंख्येचा आकडा आजचा म्हणून निबंधात उतरविणे चूक होय. इतिहासाचे साधन म्हणून मात्र तोच आकडा मोलाचा ठरतो. विद्यार्थ्यांनो, आधी साल पाहा, मगच उतारा घ्या.