पोळ्याची झडती आणि गावाचा जमाखर्च

पिठोरी अमावास्येच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवावयाचे नाही, हा वऱ्हाडातील अलिखित कायदा होय. आदल्या दिवशी हळद-तुपाने त्याचा खांदा मळला जातो आणि पोळ्याच्या सायंकाळी सजविलेल्या जोड्या आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली उभ्या राहतात. परंतु राळेगावसारख्या कापूसपट्ट्यातील तालुक्यात या सणाचा खरा प्राण झूल वा घुंगरमाळ नव्हे, तर झडती हा आहे. पोळा फुटण्यापूर्वी कोणी शेतकरी किंवा सालगडी पुढे होतो, उंच स्वरात चार यमकबद्ध ओळी म्हणतो आणि महादेवाच्या गजरात जमाव त्याला साथ देतो. वर्षभर ज्यांच्यापुढे मान खाली घालावयाची, त्या सावकाराची, पाटलाची, प्रसंगी सरकारचीही त्या घटकेला सर्वांसमक्ष झडती घेतली जाते.

याला निव्वळ करमणूक समजणे चुकीचे ठरेल. राज्यात १९७२ साली कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. तिचे आकडे सरकारी दप्तरात सापडतात. पण भाव, चुकारे आणि कर्ज यांविषयी कास्तकाराच्या मनात काय होते, हे कोणत्याही तक्त्यात नोंदलेले नाही. ती नोंद झडतीत होत असे आणि ती केवळ स्मरणात राहत असे.

आता तो प्रसंगच विरळ होत चालला आहे. २०१२ ते २०१९ या दोन पशुगणनांच्या दरम्यान देशातील नर गोवंश सुमारे तीस टक्क्यांनी घटला. यासाठी ट्रॅक्टरला दोष देणे अन्यायाचे होईल. चार-पाच एकरांच्या धन्याला जोडीचा बारमाही चारा परवडत नाही, हे सरळ गणित आहे. मात्र जोडी विकली की तोरणाखालचा मान जातो आणि त्यामागोमाग झडती म्हणणाराही गप्प होतो.

बैल राखणे शासनाच्या हाती नसेल. शब्द राखणे खचित आहे. आयर्लंडसारख्या छोट्या, शेतीप्रधान देशाने १९३७ ते १९३९ या काळात सुमारे पाच हजार प्राथमिक शाळांतील मुलांना आपापल्या वडीलधाऱ्यांकडून गावच्या चालीरीती, कथा व समजुती वहीत उतरवून आणावयास सांगितले. पन्नास हजारांहून अधिक मुलांनी केलेले ते काम आज डब्लिनच्या विद्यापीठात जतन केलेले आहे. त्यासाठी लागले ते शिक्षकांचे सहकार्य, वह्या आणि निबंधाचा तास.

आपल्याकडे दुर्गा भागवत, सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्याच्या अभ्यासाची वाट घालून दिली आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्यात लाकडी बैल ओढणारी मुले राळेगावच्या शाळांतही आहेत. एका निबंधाच्या तासाला त्यांनी आजोबांकडून एकेक झडती लिहून आणली, तर तालुक्याचा हा न मांडलेला जमाखर्च वाचू शकेल. अन्यथा उद्या लाकडी बैल उरतील आणि त्यांच्यासमोर म्हणावयाचे काय, हे सांगणारा कोणी उरणार नाही.