गलाईवाल्याच्या घरची हकीकत

सांगली जिल्ह्यातले खानापूर, आटपाडी, तासगाव आणि साताऱ्याचे माण, खटाव हा कमी पावसाचा मुलूख. शेत असूनही पोट भरेना. म्हणून पुष्कळ माणसे मुंबईला गेली, आणि पुष्कळ गलाईच्या धंद्याला लागली. तमिळनाडू असो, केरळ असो, तिथल्या सराफ पेठेत विट्याकडचा गलाईवाला भेटतोच.

गलाई म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करणे. जुन्या दागिन्यात तांबे, चांदी मिसळलेली असते. ते सोने मुशीत वितळवतात. एक भाग सोन्याला सुमारे तीन भाग चांदी घालतात. हा रस पाण्यात ओतला की दाणे होतात. दाणे नायट्रिक ॲसिडात उकळतात. चांदी व तांबे विरघळतात. सोने मात्र तपकिरी भुकटी होऊन तळाशी राहते. ती धुऊन, टाकणखार घालून पुन्हा आटवली की पिवळेधमक सोने दिसते. उरलेल्या पाण्यात तांब्याची पट्टी टाकली की चांदीही परत मिळते. सोनाराच्या दुकानातला केरसुद्धा वाया जात नाही.

काम जोखमीचे आहे. ॲसिड उकळताना तांबूस विषारी धूर निघतो. तो छातीत गेला तर फुप्फुसे बिघडतात. म्हणून धूर बाहेर नेणारे धुराडे आणि मोकळी हवा हवीच. दुसरी जोखीम इमानाची. हातात सोने दुसऱ्याचे. गुंजभर कमी भरले तरी नाव जाते.

अशा घराची हकीकत साधारण तीन पिढ्यांची असते. आजा लहानपणी ओळखीच्या गलाईवाल्याकडे राहिला. त्याने कोळसा फुंकला, केर धुतला, काम शिकला. मग परमुलखात स्वतःची भट्टी मांडली. भावाला, भाच्याला बोलावून घेतले. गावाकडे मनिऑर्डर येऊ लागली.

१९६३ साली सरकारने सुवर्ण नियंत्रण आणले. चौदा कॅरटपेक्षा शुद्ध दागिने घडवायला बंदी झाली. पुष्कळ सोनारांचे काम बसले. सोनाराचे काम बसले की गलाईवाल्याची भट्टीही थंडावते. पुढे बंदी सैल झाली, आणि सुवर्ण नियंत्रणाचा कायदा १९९० साली रद्द झाला. मधल्या काळात, १९७२ च्या दुष्काळात, आणखी माणसांनी गाव सोडले.

नातू तिकडच्या शाळेत तमिळ शिकतो. घरी मराठी बोलतो, पण लिहिता येत नाही. जत्रेला गावी येतो. आज्याने कोणत्या साली घर सोडले, हे त्याला विचारा. सांगता येईलच असे नाही.

आपल्याकडे हेळवी बैल घेऊन येतो व वंशावळ वाचून दाखवतो. त्यातून नावे कळतात. पण कोण कोठे राबला, कसा शिकला, हे घरच्यांनीच लिहायला पाहिजे. तुम्हाला आता लिहिता येते. एक वही घ्या. म्हाताऱ्या माणसांजवळ बसा. पहिल्यांदा कोण गेले? कोणाच्या ओळखीने? कोणत्या पेठेत? साल आठवत नसेल तर १९६७ चा कोयनेचा भूकंप किंवा ७२ चा दुष्काळ ही खूण धरा. त्याच्या आधी की नंतर, एवढे विचारले तरी साल जवळ येते.

आणखी एक विचारा. गडी परमुलखात असताना इकडचे शेत, गुरे आणि लेकरे कोणी सांभाळली? बहुतेक घरांत ते नाव बाईचे निघेल. तेही वहीत लिहा.